पाणी गोव्याहून आणता काय?

घरी कुणी पहिल्यांदा आलं की चपला काढतानाच त्यांची नजर हॉलमधल्या टाकीवर जाते. निळसर उजेड, त्या उजेडात डोलणारं काहीतरी, मधून फिरणारे दोन केशरी मासे. चहा येईपर्यंत प्रश्न ठरलेला: "पाणी गोव्याहून आणता काय?" पाहुणा निपाणीचा असो, खानापूरचा असो की बेळगावातल्या आमच्या वडगावच्याच मागच्या गल्लीतला, प्रश्न हाच. त्याचं नवलही नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा, शंभर-सव्वाशे किलोमीटर. आमच्याकडची माणसं नुसतं मासे खायला जाऊन संध्याकाळी परत येतात, मग येताना चार कॅन पाणी आणायला काय जातंय?

तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. टाकी खाऱ्या पाण्याची, त्यात डोलतात ती कोरल, म्हणजे प्रवाळं. नाही आणत. एकदा आणलं होतं, गोव्याहून नव्हे, वेंगुर्ल्याहून. वीस-वीस लिटरचे चार कॅन, आंबोलीच्या वळणांवरून. एका कॅनचं झाकण सैल होतं. डिकीतल्या पत्र्यावर त्या दिवसाची आठवण अजून गंजाच्या रूपानं शिल्लक आहे. उरलेले तीन कॅन मी गच्चीवर ठेवले आणि चौथ्या दिवशी उघडले तर वास असा, की हिनं मासळी आणून विसरलो का विचारलं. समुद्राचं पाणी म्हणजे नुसतं खारट पाणी नसतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, बंद कॅनमध्ये ते मरतात आणि कुजतात. शिवाय किनाऱ्यालगतचं पाणी बारा महिने सारखं नसतं. पणजीच्या मिरामार किनाऱ्याला तर शेजारी मांडवीच येऊन मिळते. पावसाळ्यात नद्या डोंगरातला सगळा गढूळपणा घेऊन उतरतात तेव्हा तिथला खारटपणा किती खाली जात असेल याचा विचार करा.

म्हणून समुद्र घरीच बनवावा लागतो. राकसकोपचं किंवा हिडकलचं जे पाणी नळाला येतं ते आधी आरओतून आणि त्यानंतर रेझिनच्या नळीतून काढायचं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरनं शून्य दाखवेपर्यंत. त्यात रीफसाठी, म्हणजे अशा प्रवाळाच्या टाकीसाठी, मिळणारं तयार मीठ घालायचं, लिटरला साधारण 38 ग्रॅम. मी दर पंधरा दिवसांनी वीस लिटर पाणी बदलतो, म्हणजे पाऊण किलो मीठ गेलं. ("पगार मिठात घालूलाईस की रे," असं आमच्या फाउंड्रीतला एक जण म्हणतो. बरोबरच आहे.) आपलं जेवणातलं मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकी बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. मीठ पूर्ण विरघळून पाणी निवळशंख झालं की रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीवर, थेंब टाकून बघायचं. हजारी 35 आलं की समुद्र तयार.

पावसाचं पाणी वापरा, ते शुद्ध असतं, असाही सल्ला मिळतो. बेळगावचा पाऊस बघता तो मोहक आहे. पण ते पाणी आमच्या घरावरच्या जस्ताच्या पत्र्यावरून, कबुतरांच्या शिटेवरून येतं. झाडांना उत्तम.

आता कोरल म्हणजे काय, हेही थोडं सांगायला हवं, कारण निम्मे लोक त्याला झाड समजतात आणि निम्मे दगड. तो प्राणी आहे. एकेक पॉलिप म्हणजे पोट, तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटं. पण त्याच्या अंगातल्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. भाडं म्हणा. पाणी तापलं की हा व्यवहार मोडतो, शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरं होतं. त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. लगेच मेलेलं नसतं, पण उपाशी असतं.

आमच्या शेजारी सोनार आहेत. त्यांना टाकीचं कळल्यावर ते म्हणाले, "एक लाल पोवळं वाढवून दे की, पोराचा मंगळ कडक आहे." अंगठीतलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. ते अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं, त्याच्या अंगात शेवाळ नसतं आणि ते इतकं हळू वाढतं की पोराच्या नातवाचा मंगळसुद्धा तोवर वाट बघेल. आणि दुसरं म्हणजे कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली खडक बांधणारी सगळी दगडी प्रवाळं घातली गेली. काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखेही त्यात आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणीला बुडी मारून बघा, डोळे भरून बघा, पण खिशात एक तुकडाही घालू नका. समुद्रातून काढलेला "लाइव्ह रॉक" म्हणजेही प्रवाळाचा सांगाडाच. माझ्या टाकीतले खडक भट्टीत भाजलेल्या सच्छिद्र सिरॅमिकचे आहेत, आणि कोरल सगळी मऊ जातीची: शर्टाच्या बटणाएवढे झोआ, मशरूम, हिरवे स्टार पॉलिप आणि एक लेदर कोरल. पुण्याच्या एका छंदिष्टाच्या टाकीत वाढलेल्यांचे हे तुकडे थर्माकोलच्या डब्यातून रात्रीच्या बसनं आले.

आता ती जगतात कशी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी ही टाकी, खडक-वाळू वजा जाता 160 लिटर पाणी. समुद्र एवढा मोठा की त्याचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. 160 लिटरचं मात्र दुपारच्या उन्हात हलतं, दार उघडं राहिलं तरी हलतं. मला पाणी 25 ते 26 अंशांत हवं. लोक म्हणतात, बेळगाव थंड हवेचं, तुम्हाला काय चिंता. एप्रिल-मेमध्ये या दुपारी तीनला.

चिलर परवडला नाही. मग मी माठाची युक्ती वापरली. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके दोन छोटे पंखे लावले. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 580 किलोकॅलरी उष्णता जाते. ती 160 लिटरमधून गेली तर हिशेबानं साडेतीन अंश उतरतात. प्रत्यक्षात खोलीची उष्णता आत येतच असते, त्यामुळे मला दोन-अडीच अंश मिळतात, तेवढे पुरतात. जूनमध्ये पाऊस लागला की हवा इतकी दमट होते की पंख्यानं काही होत नाही, पण तेव्हा गरजही नसते. थंडीत हीटर.

खरी धास्ती वळवाची. संध्याकाळी काळे ढग येतात, धूळ उडते, दोन थेंब पडायच्या आत वीज जाते. मासे आणि कोरल दोघांनाही पाणी हलतं लागतं, हललं नाही तर प्राणवायू उतरत जातो. पाणी हलवणारा पंप, वेव्हमेकर, इन्व्हर्टरवर आहे आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप खिळ्याला टांगलेला आहे. 2024 च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडल्याच्या बातम्या मी याच हॉलमध्ये बसून वाचल्या. त्या समुद्राला लावायला पंखे कुठून आणणार?

पंख्यांची एक किंमत आहे. उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर पाणी उडून जातं. उडतं ते पाणी, मीठ जागेवर राहतं. आमटी आटली की खारट होते तसंच. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. नवीन माणूस हमखास इथं चुकतो. मी चुकलो नाही. माझ्या घरात जे झालं ते वेगळंच.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी आठ दिवस कोइंबतूरला गेलो होतो. हीही पोरांना घेऊन माहेरी. आई एकटी. तिला खाणं घालायचं दाखवलं होतं, पाण्याचं बोलायचं राहिलं, कारण भरीचं पाणी आपोआप जाईल अशी सोय मी केली होती. ती सोय दुसऱ्याच दिवशी बंद पडली. आईनं टाकीतलं पाणी उतरताना बघितलं आणि घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलं. देवघराशेजारचा तांब्याचा हंडा. रात्रभर भरून ठेवलेलं, गाळलेलं, आजोबांपासून आम्ही सगळे ज्याच्यावर वाढलो ते. रोज तीन-चार तांबे, सहा दिवस.

मी आलो तेव्हा झोआची बटणं मिटलेली होती, लेदर चिंचेसारखं आक्रसलेलं आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी कोपऱ्यात उताणी. शंखातल्या खेकड्यांपैकी एकही हलत नव्हता. मासे मात्र ठणठणीत. मासे बरे आणि बिनकण्याचे मेले, म्हणजे तांबं. फाउंड्रीत मी दिवसभर धातूच्या टक्केवारीतच असतो, तरी हंडा डोक्यात यायला दीड तास लागला. माणसाला जे तांबं पचतं त्याच्या कितीतरी कमी मात्रेत कोळंबी मरते. टेस्ट किटवर रंग आला. आई दारात उभी राहून म्हणाली, "पाणी आटलं होतं रे, मासे मरतील म्हणून घातलं." यावर काय बोलणार? मी म्हणालो, बरं केलंस, मासे वाचले की.

पुढचे दीड महिने रोज थोडं पाणी बदलणं, कार्बन, धातू शोषून घेणारे पॅड. तांबं खडकात मुरतं आणि हळूहळू परत सुटतं, त्यामुळे घाईचा उपयोग नसतो. कोळंबी गेली ती गेली. झोआ महिन्याभरानं उघडले, आधी कडेचे दोन, मग बाकीचे.

लेदरनं मात्र मला आणखी फसवलं. उघडलं, आठवडाभर छान डोललं, आणि पुन्हा मिटलं. वर मेणचट पापुद्रा. मी घाबरून दिवा वर केला, खाली केला, खडक हलवला, क्षारता (खारटपणा नव्हे, पाण्याची आम्ल पेलायची ताकद) कमी वाटली म्हणून एका रात्रीत वाढवली. ते आणखी आवळलं. नंतर समजलं की ते कात टाकत होतं. ही जात अधूनमधून मिटते, वरचा पापुद्रा सोडते आणि नवी होऊन उघडते. त्याला हवा असतो फक्त पाण्याचा वाहता झोत, पापुद्रा निघून जायला. मी जे जे केलं त्यातलं काहीही नको होतं. तेव्हापासून टाकीत हात घालायच्या आधी मी वही उघडतो. रविवारी सकाळी क्षारता, नायट्रेट, फॉस्फेट मोजायचं आणि लिहायचं. क्षारता आठ-नऊ डीकेएच (हे तिचं माप) असो, एखादा अंश इकडेतिकडे असो, ती गेल्या रविवारी होती तिथंच असली की मी खूश. नायट्रेट अगदी शून्य करायच्याही मागे लागत नाही, या प्राण्यांना थोडं मळकं पाणी मानवतं. दिव्याचं विचाराल तर निळा जास्त, रोज नऊ तास, टायमरवर. नवीन तुकडा आधी तळाशी, सावलीत. मग पुढं.

एक गोष्ट मात्र गंमतीनं घेऊ नका. झोआ आणि त्यांच्या भाऊबंदांत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. ते 1971 साली हवाई बेटांवरच्या अशाच एका जातीतून वेगळं काढलं गेलं. तुकडे कापताना मी हातमोजे आणि चष्मा घालतो. आणि झोआ लागलेला खडक साफ करायला कधीही उकळतं पाणी ओतू नये, त्या वाफेनं माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. पोरांना टाकीत हात घालायची बंदी आहे. हात घातल्यावर मीसुद्धा आधी साबणानं धुतो, मग डोळा चोळतो.

आता टाकीखाली झाकणाचा पांढरा प्लास्टिकचा कॅन असतो, त्यावर निळ्या पेननं "आई" लिहिलंय. त्यात शून्य टीडीएसचं पाणी. काचेवर चिकटपट्टीची रेघ आहे, पाणी रेघेखाली गेलं की आई मगानं घालते, माझी मशीन चालू असली तरी घालते. मशीनवर तिचा विश्वास उरलेला नाही.

परवा चिकोडीचे पाहुणे आले होते. मी आत शर्ट बदलत होतो. प्रश्न आला, आणि उत्तरही मला आतूनच ऐकू आलं: "गोव्याहून कशाला हो? मीठ घालतोय. आणि आटलं तर गोडं घालायचं, पण हंड्यातलं नाही." थोडा वेळ शांतता. मग पाहुण्यांनी विचारलं, "हंड्यातलं का नाही?"

"ते तो सांगंल," आई म्हणाली, "तुम्ही चहा घ्या."