एच नंबरप्लेट, डॅशबोर्डवरचा एक दिवा आणि अकरा आठवडे

सगळ्यात आधी हे सांगते, कारण पुढे रागाच्या भरात राहून जाईल: जर्मनीत जुन्या गाडीच्या एच नंबरप्लेटसाठी तपासणीला जायच्या आधी इंजिन सुरू करा आणि डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला राहत नाही ना, ते बघा. मी बघितलं होतं. दिवा दिसतही होता. ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून दिलं, आणि त्या ‘असेल काहीतरी’ने माझा 2022चा अख्खा उन्हाळा खाल्ला.

गाडी म्हणजे मर्सिडीजची उघडत्या टपाची, म्हणजे छत उघडणारी, आर-129, 300 एसएल-24. ब्रेमेनला बनलेली, एप्रिल 1992मध्ये पहिल्यांदा नोंदलेली. जर्मनीत पहिल्या नोंदणीला 30 वर्षं झाली आणि गाडी सांभाळलेली, मूळ रूपातली असली, की तज्ज्ञाच्या अहवालावर ‘एच’ची नंबरप्लेट मिळते. एच म्हणजे ‘हिस्टोरिश’. मग इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर सरसकट 191.73 युरो. माझ्या 2,960 सीसीला तोवर साडेचारशेच्या वर बसत होता. पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा त्या एका अक्षराचा सोस जास्त होता. या गाडीचा तळ डब्ल्यू-124 या मर्सिडीजच्याच चार दारांच्या गाडीचा, फक्त आखूड केलेला. आणि तीच डब्ल्यू-124 1995पासून आमच्या पिंपरीत जोडली जायची. शाळेच्या बसमधून ती दिसली की आम्ही खिडकीला नाक लावायचो.

मेच्या शेवटी आई सांगलीहून आली. पहिल्याच रविवारी तिला पुढे बसवून निघाले. टप बंदच होता, कारण आभाळ भरून आलं होतं. दहा मिनिटांनी तिने भांगावर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाली, “अगं, हे खोबरेल नाही.”

नव्हतंच. हायड्रॉलिकचं तेल होतं.

या गाडीचा कापडी टप उघडणं म्हणजे एक सोहळा आहे. बटण दाबून धरायचं. काचा खाली जातात, पुढच्या काचेच्या चौकटीवरच्या दोन कड्या सुटतात, टपाची मागची कमान उचलली जाते, मागचं झाकण उघडतं, टप घडी होऊन आत जातो, झाकण बसतं. साधारण तीस सेकंद. हे सगळं डिकीतला एक पंप आणि दहाहून जास्त छोटे सिलेंडर करतात. प्रत्येक टप्प्याला एक चिमुकला स्विच ‘झालं’ असं कळवतो, तेव्हाच पुढचा टप्पा सुरू होतो. एका टेबलावरची सही राहिली की फाइल तिथेच. 1989 साली आलेल्या मॉडेलात हे करून दाखवणाऱ्यांना माझा दंडवत. पण सिलेंडरमधले सील तीस वर्षांत जुन्या खोडरबरासारखे होतात, आणि चौकटीवरचे दोन सिलेंडर नेमके पुढे बसणाऱ्यांच्या डोक्यावर असतात.

जूनमध्ये तपासणी झाली. तपासनीस चांगला माणूस होता. मूळ रंग, मूळ चाकं, सीटमध्येच बसवलेले पट्टे बघून खूश झाला. (मधला खांब नसल्याने पट्ट्याचा सगळा जोर सीटवर येतो, म्हणून आतला सांगाडा मॅग्नेशियमचा.) मग त्याने किल्ली फिरवली, दिवे मोजले, इंजिन सुरू केलं आणि एका दिव्यावर बोट ठेवलं. रोलबारचा, म्हणजे गाडी उलटली तर डोकी वाचवणाऱ्या कमानीचा. दोन शेरे लिहिले: तेलगळती आणि रोलबार. अहवाल नाही.

त्याचं बरोबरच होतं. या गाडीचा रोलबार एरवी सीटमागे आडवा पडलेला असतो. गाडी कलंडतेय किंवा मागची चाकं जमीन सोडतायत असं सेन्सरला वाटलं, की 0.3 सेकंदात तो उभा राहतो. वर येतो तो स्प्रिंगने; हायड्रॉलिकचं काम फक्त त्याला परत खाली बसवणं. एका शहाण्याने मला सांगितलं, दिव्याचा बल्बच काढून टाक. असलं काही करू नका. किल्ली फिरवल्यावर दिवा आधी लागलाच पाहिजे आणि मग विझला पाहिजे, हे तपासनीस बघतातच. आणि उद्या गाडी उलटली तर बल्ब कुठे असेल आणि आपण कुठे?

आता खरं दुखणं. फेरतपासणी एका महिन्यात झाली तर थोडक्यात भागते. महिना उलटला की सगळी तपासणी आणि सगळी फी पुन्हा. मी हे गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. नाव घेत नाही. ‘जुन्या गाड्यांचे खास’ अशी पाटी होती, कॉफी छान होती. तो म्हणाला, “दोन आठवडे.”

दोन आठवड्यांनी गाडी जागच्या जागी, टप अर्धवट उचललेला, जांभई देताना दातखीळ बसावी तसा. तिसऱ्या आठवड्यात सिलेंडर ‘मागवले’ होते. पाचव्या आठवड्यात कळलं की मागवायचे होते. महिना गेला. मी म्हटलं, नवे कशाला, तेच उघडून सील बदलून देणारे लोक आहेत, पार्सलने पाठवा. “आम्ही जोखीम घेत नाही.” सातव्या आठवड्यात फोन उचलणारी मुलगी सुट्टीवर, आठव्यात मालक. नवव्या आठवड्यात मी सरळ जाऊन उभी राहिले, तर माझ्या गाडीच्या बॉनेटवर कोणाचातरी डबा उघडून ठेवलेला. इकडे आई रोज संध्याकाळी विचारायची, “आली का गं तुझी गाडी?” तिचा व्हिसा नव्वद दिवसांचा. ऑगस्टच्या शेवटी तिला विमानतळावर सोडलं, ते शेजाऱ्याच्या गाडीतून.

अकराव्या आठवड्यात गाडी मिळाली. सिलेंडर सगळे नवे, बिल बघून घशाला कोरड. तेल गळायचं थांबलं होतं, हे मान्य. किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं. दिवा तसाच.

“मग कंट्रोल युनिट असणार,” मालक म्हणाला. “आठ आठवडे.”

मी किल्ली उचलली आणि निघाले. पार्किंगमध्ये दहा मिनिटं रडले, तेही सांगून टाकते.

सुटका केली ती एका निवृत्त आजोबांनी, मोफत. याच मॉडेलवर त्यांचे हात काळे झालेले. त्यांनी बॉनेट उघडून तपासणीच्या सॉकेटला आपली छोटी पेटी जोडली. या वर्षाच्या गाड्या आपलं दुखणं बल्ब लुकलुकवून सांगतात. ते डोळे बारीक करून लुकलुक मोजत होते, मी पावतीच्या पाठीवर आकडे लिहीत होते. मग सीटमागचं पॅनेल काढलं. रोलबारच्या कुलपापाशी अंगठ्याच्या नखाएवढा स्विच, त्याच्या पिनांवर हिरवट गंज. फवारा मारला, जुन्या टूथब्रशने घासलं, परत बसवला. चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा चहाची. इंजिन सुरू केलं, दिवा विझला. मी परत बंद करून परत सुरू केलं. विझला. आजोबा म्हणाले, “आता बॅटरी संपवू नका.”

म्हणून: आधी दोष वाचून घ्या, मग पान्याला हात लावू द्या. तेलगळती आणि दिवा ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. तारीख लेखी घ्या. आणि हो, तुम्ही 1993 ते 95च्या सुमाराची घेत असाल तर इंजिनच्या वायरिंगचं आवरण बोटाने चाचपून बघा. त्या काळातल्या तारांचं आवरण भुगा होऊन पडतं. माझी त्याआधीची, म्हणून वाचले.

दुसरी तपासणी अर्ध्या तासात झाली, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. नोंदणी कार्यालयात मात्र शेवटची चपराक बसली. जर्मन नंबरप्लेटवर जास्तीत जास्त आठ अक्षरं-आकडे बसतात आणि एच त्यातच धरतात. माझ्या जुन्या नंबरात ‘बीबी’ ही जिल्ह्याची अक्षरं धरून आधीच आठ. म्हणजे हौसेने निवडलेला, आईच्या जन्मसालाचा नंबर गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, हे आधी बघायचं असतं. बघा. विम्याचा नवा क्रमांक मात्र न विसरता नेला होता, तेवढंच समाधान.

ऑक्टोबरमध्ये, अंगात कोट आणि डोक्याला मफलर बांधून, टप उघडून गावाबाहेर एक फेरी मारली. आईला व्हिडिओ कॉल लावून फोन पुढच्या काचेकडे धरला. तिने झाडं बघितली नाहीत, नंबरप्लेट बघितली नाही.

“तू त्या गळक्या जागेखालीच बसलीयेस ना गं?” ती म्हणाली. “डोक्याला हात लावून दाखव बघू.”