लॉबिंगच्या नोंदीत काय दिसत नाही

डेमोक्रॅट असोत वा रिपब्लिकन, दोघेही पैसेवाल्यांचेच, असं अमेरिकेतले कितीतरी मतदार म्हणतात. मला ही तक्रार रास्त वाटते. तिचं एक मूळ लॉबिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन अशिलासाठी खासदार-अधिकाऱ्यांचं मन वळवण्याच्या, १९९५ च्या कायद्यात आहे. तीन महिन्यांत एखाद्या अशिलाच्या कामातला २० टक्क्यांहून कमी वेळ लॉबिंगला गेला, तर लॉबिस्ट म्हणून नाव नोंदवावं लागत नाही. 'सल्लागार' म्हटलं की झालं. (माजी सिनेटरना २ वर्षं जुन्या सहकाऱ्यांकडे लॉबिंगची बंदी असते, पण पडद्यामागून सल्ला द्यायला नसते.) नाव नोंदवलेल्यांचे तिमाही अहवाल सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. कंपनीचं नाव टाका: विधेयकं दिसतील, रक्कमही दिसेल, १०,००० डॉलरच्या पटीत. पण कोणत्या सदस्याला भेटले, हे लिहावंच लागत नाही! 'सिनेट' एवढं लिहिलं तरी चालतं.