शूलपाणीच्या झाडीत कोल्हापूरचे पाय

जोतिबाचे पाचही खेटे न चुकवणारा आणि आषाढीला पंढरपूर चालत गाठणारा माणूस नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीत दुसऱ्या दिवशीच गुडघा धरून बसतो. दरवर्षी कोल्हापूरहून नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांत असे एक-दोघे असतातच. दम कमी पडतो म्हणून हे होत नाही, सवय चुकीची असते म्हणून होतं. दिंडीत वळकटी ट्रकमधून पुढे जाते, पाण्याचा टँकर मुक्कामी उभा असतो आणि पायाखाली डांबर असतं. इथं सगळा संसार पाठीवर आणि वाट घसाऱ्याची.

ओंकारेश्वरला दक्षिण तटावर संकल्प करायचा, मैया, म्हणजे नर्मदा, उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर आहे, म्हणून निघाल्यावर तिकडेही जाता येत नाही. तिथं जल चढवायचं ते परिक्रमा पुरी झाल्यावर. उपनद्या ओलांडायला हरकत नाही. बडवाणीजवळच्या राजघाटापर्यंत निमाडचा सपाट मुलूख, कापूस आणि केळी. तिथून गुजरातेतल्या गोरा गावापर्यंत सातपुड्याचे डोंगर, हीच झाडी. साधारण आठवडा लागतो. आधी मध्य प्रदेश, मग आपला नंदुरबार जिल्हा, शेवटी गुजरात. १,३१२ किलोमीटरच्या या नदीतले थोडेच किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेत, तेही सीमेवरचे.

नकाशा बघून इथं अंतर काढू नका. सरदार सरोवर धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. त्या फुगवट्यात काठची जुनी पायवाट गेली, शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं (नवं गोऱ्याला बांधलंय). आता वाट वरच्या धारेवरून जाते आणि पाणी प्रत्येक ओढ्यात आत घुसलेलं असतं. राधानगरीच्या लक्ष्मी तलावाची बोटं डोंगरात कशी शिरतात ते पाहिलं असेल, तर लगेच ध्यानात येईल. पलीकडचा पाडा हाकेच्या अंतरावर दिसतो, धूर दिसतो, कोंबडा ऐकू येतो; पण मधे पाण्याचं बोट असतं. त्याच्या टोकापर्यंत वर चढायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा तेवढंच उतरायचं. म्हणून सपाटीवर २५ किलोमीटर चालणाऱ्यानं इथं १५ धरावेत. आणि ‘किती लांब?’ असं विचारू नये. ‘बस, आ गया’ हे त्या डोंगरातल्या पायांचं उत्तर असतं, आपल्या नव्हे. ‘अंधाराच्या आत पोचतो का?’ असं विचारलं तर उत्तर खरं मिळतं.

पाठीवर पाण्यासकट सात किलोच्या वर काही नको. अंगावरचे धरून कपड्यांचे दोन जोड, कानटोपी, स्वेटर, पातळ स्लीपिंग बॅग, खाली अंथरायला प्लॅस्टिकचा कागद, ताटली, पेला, टॉर्च, औषधं, ओळखपत्राच्या झेरॉक्स. मैयाच्या जलाची कुपी काचेची घेऊ नका, पहिल्या घसरणीत फुटते आणि मग माणूस दिवसभर हळहळतो. नडतात ते घरच्यांनी मायेनं भरलेले डबे. दोन किलो चिवडा, स्टीलचे डबे, जाडजूड पोथी हे सगळं ओंकारेश्वरहूनच परत पाठवावं लागतं. गूळ-शेंगदाणे पाव किलो आणि शेंगाचटणीची एक पुडी पुरते. कांदा-लसूण चटणी नको, बऱ्याच आश्रमांत कांदा-लसूण चालत नाही. तांबड्या-पांढऱ्याला तर चार-पाच महिने रामराम.

पायताणाचं सांगायलाच हवं. कोल्हापुरी चप्पल आश्रमाच्या अंगणात शोभते. कातडी तळ मुरमावर धरत नाही, आणि सागाची वाळकी पानं पडली की अजिबातच नाही. ताटलीएवढी पानं आणि त्यांखाली गोल खडे, त्यामुळे पाय ठेवेपर्यंत कळत नाही. खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट घ्या, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. ते नवरात्रानंतर कुशिऱ्याच्या बाजूनं जोतिबा चार वेळा चढून-उतरून मुरवा, तेही पाठीवर सात किलो घेऊन. नुसतं चढून वर गेलात आणि एसटीनं खाली आलात तर सराव निम्माच झाला, कारण झाडीत गुडघे जातात ते उतारावर.

उतरायच्या आधी थांबून बुटाची नाडी घोट्याशी आवळायची, म्हणजे पाऊल पुढे सरकून बोटं आपटत नाहीत. नखं आदल्या रात्रीच कापलेली असावीत, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं. दंड, म्हणजे हातातली काठी, आधी खाली टेकायचा, मग पाऊल. पावलं आखूड आणि जरा तिरकी. दंड खांद्याएवढा उंच हवा, कमरेएवढा उतारावर कामाचा नाही. फोड येतो तो ओल्या मोज्यानं. दुपारी मोजे बदला आणि ओले पिशवीला बाहेरून टांगा. फोडातून दोरा ओवून ठेवायची वारीतली पद्धत इथं नको, त्याच दोऱ्यानं धूळ आत जाते. सुई उकळून कडेला टोचा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, वर मलम आणि पट्टी.

दिवाळीनंतर कार्तिकी एकादशी करून निघालं की झाडी डिसेंबरच्या आसपास लागते. ओढ्यांना पाणी असतं, पहाट मात्र बोचरी. माघानंतर जाणाऱ्याला सावली मिळत नाही आणि झरेही आटलेले असतात. तेव्हा दोन लिटर पाणी कमीच, तीन घ्या. उजाडल्यावर निघून चारच्या आत मुक्काम धरायचा. दरीत ऊन लवकर जातं आणि फाटे दिसेनासे होतात. दगडावरची खूण बराच वेळ दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. मळलेली वाट पाड्यात जाऊन संपलेली असू शकते.

झाडीतले भिल्ल परिक्रमावासीयांना लुटतात, अंगावर फक्त लंगोटी ठेवतात, हे किस्से आजही निघण्याआधी हटकून ऐकवले जातात. तो काळ गेला. आता तेच भिल्लमामा अंगणात बसवतात, काळा चहा देतात, मक्याची भाकरी आणि डाळ वाढतात. पाड्यात रेंज नसते, फोनवरून पैसे देता येत नाहीत. दहा-वीसच्या नोटा ठेवा. पोरं ‘नर्मदे हर’ म्हणत हात पुढे करतात. चालणाऱ्यांनीच वाटून वाटून लावलेली ही गोड गोळ्यांची सवय आम्हाला तरी पसंत नाही, वाटभर कागद पडलेले असतात. द्यायचंच असेल तर पेन्सिली शाळेत मास्तरांकडे द्या. नंदुरबारमधल्या अक्राणी तालुक्यात शाळेत मराठी चालते, तेवढंच बरं वाटतं.

गोऱ्याला उतरलं की डोंगर संपतो. उत्तर तटावर गरुडेश्वर, १९१४ साली दत्तभक्त टेंबेस्वामींनी समाधी घेतली ती जागा. नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेला जाणाऱ्या कोल्हापूरकराचे पाय इथं अडखळतात. पूल आहे, गाड्या जाताना दिसतात. पण पूल आपल्यासाठी नाही. आधी रामपुरा, मग थेट समुद्र, तिथं भरती बघून सुटणारी होडी, पलीकडच्या काठावर मीठी तलाई आणि मग उत्तर तटानं परत वर. गरुडेश्वर तेव्हा.