डावा मुंढा अखेर बसला

मागच्या नोंदीत लोकरी पिनाफोरच्या (ब्लाउजवरून घालायच्या बिनबाह्यांच्या झग्याच्या) प्रिन्सेस शिवणी, म्हणजे काखेजवळून छातीवरून खाली उतरणाऱ्या उभ्या शिवणी, जुळल्याचे लिहिले होते आणि पुढची नोंद अस्तराची असेल, असे म्हटले होते. ती इतकी लांबली, कारण डाव्या मुंढ्याला, म्हणजे हात जिथून बाहेर येतो त्या कडेला, समोरून झोळ येत होता. उजवा मुंढा अंगाला नेमका बसत होता आणि डावा छातीजवळ सुटून उभा राहत होता. काल रात्री तो झोळ गेला. अस्तराविषयी लिहिण्याआधी हीच हकिगत सविस्तर सांगते.

मी प्रथम दोष ड्राफ्टिंगला, म्हणजे कागदावर काढलेल्या आराखड्याला, दिला. प्रिन्सेस कट मुंढ्यातूनच निघत असल्यामुळे तेथे पुरेसे आत घेतले गेले नसेल, असे वाटून डावी शिवण ५ मिलीमीटर आत घेतली. झोळ तसाच राहिला म्हणून आणखी ३ मिलीमीटर घेतली, तेव्हा छाती घट्ट झाली आणि झोळ तरीही हलला नाही. दोन्ही बाजू एकाच कागदावरून बेतलेल्या असताना एकच बाजू बिघडते, याचा अर्थ कागद बरोबर आहे, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला मला तीन संध्याकाळी लागल्या. मग मापपट्टी कडेवर उभी धरून शिवणरेषा मोजली. कागदावर पुढचा मुंढा २२.५ सेंटीमीटर होता, उजवा २२.६ भरला आणि डावा २३.७.

कापड ताणले गेले होते. पुढच्या मुंढ्याचा खालचा वळसा उभ्या धाग्याला तिरका जातो आणि सैल विणीची लोकर तेथे स्वतःच्या वजनानेसुद्धा लांबते. उजव्या तुकड्याला बेतल्याबरोबर कडेने आधाराची टीप मारली होती. डाव्याच्या वेळी बॉबिनमधला दोरा संपला, ते काम उद्यावर गेले आणि तो तुकडा चार दिवस हँगरवर लोंबत राहिला. नंतर मारलेल्या टिपेने ताणलेले माप तसेच पक्के केले.

नवा तुकडा बेतण्याइतके कापड उरलेले नाही, म्हणून लोकरीच्या गुणावर भरवसा ठेवला. ओलसर उष्णतेने लोकरीचा तंतू मऊ होतो आणि थंड होताना दिलेला आकार धरतो. आधी प्रिन्सेस शिवणीत आत घेतलेले सगळे सोडले आणि चुकीच्या मापाची ती टीपही उसवली. मग शिवणरेषेच्या ३ मिलीमीटर बाहेर, शिलाईच्या मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, रेशमी दोऱ्याने बारीक धावदोरा घातला आणि तो ओढून कड २२.५ सेंटीमीटरवर आणली. साहजिकच तेथे लहान लहान लाटा उमटल्या. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून त्यावर मुंढा पालथा ठेवला, वर ओले करून पिळलेले सुती कापड टाकले आणि इस्त्री न सरकवता नुसती टेकवून उचलली. प्रत्येक वेळी वाफ निघाल्यावर गुळगुळीत लाकडी ठोकळा दाबून धरला आणि कापड पूर्ण थंड होईपर्यंत हात लावला नाही. तिसऱ्या फेरीनंतर लाटा जवळजवळ मिटल्या. कड इतकी सपाट झाली की धावदोरा नेमका कोठे ओढला होता, ते बोटांना कळेना, आणि त्या क्षणाचे समाधान मला अजून पुरते आहे. घट्ट विणलेल्या गॅबर्डिनवर हे इतके सहज साधणार नाही, हे लक्षात घ्यावे.

माझ्या अनुभवात इस्त्रीच्या स्वतःच्या वाफेपेक्षा ओले सुती कापड या कामाला कितीतरी चांगले आहे. खुणांसाठी मेणाचा खडू लोकरीवर चालतो, इस्त्रीने त्याची खूण निघून जाते. इतर कापडांवर मात्र मेण वितळून डाग पडू शकतो.

आकार पुन्हा लांबू नये म्हणून अस्तराच्या कापडाच्या न ताणणाऱ्या किनारीची ८ मिलीमीटर रुंद पट्टी कापली, तिची लांबी कापडावरून न घेता कागदावरून मोजली आणि दोन्ही मुंढ्यांच्या शिवणरेषेवर हाताने टाचली.

आता अस्तराकडे वळते. विक्रेत्याने क्युप्रो (कापसाच्या तंतूपासून बनणारे मुलायम अस्तर) म्हणून दिलेल्या कापडाचे दोन धागे जाळून पाहिले, तर ते वितळून त्यांचा कडक मणी झाला. क्युप्रो कागदासारखा जळून मऊ राख देतो, त्यामुळे हाती आलेले कापड क्युप्रो नव्हते, पॉलिएस्टरसारखे कृत्रिम काहीतरी होते. कोरड्या थंडीत ते लोकरी मोज्यांना चिकटते, म्हणून परत केले. दुसरीकडून आणलेला क्युप्रो खरा निघाला.

उरलेल्या तुकड्यांवर मुंढ्याचा नमुना शिवला, तेव्हा सारख्याच मापाचे अस्तर कडेतून बाहेर डोकावले, कारण जाड लोकर कडेवरून वळताना थोडी खर्ची पडते. गळ्याला आणि मुंढ्याला अस्तर ३ मिलीमीटर कमी बेतून दोन्हींच्या कडा जुळवल्या, शिवून झाल्यावर कापून लोकरीची माया ७ आणि अस्तराची ४ मिलीमीटर ठेवली, आणि अंडरस्टिच (माया अस्तराकडे वळवून अस्तरावर कडेलगत मारलेली टीप) केल्यावर डोकावणे थांबले.

खांदे आधी जोडायचे, पाठ मध्यावर चेनसाठी उघडी ठेवायची आणि मागचे भाग खांद्यातून ओढून सुलटे करायचे, असे ठरवले होते. हे लिहिताना मात्र जाणवते की ५ सेंटीमीटरच्या खांद्यातून अस्तरासह पूर्ण लांबीची लोकर ओढली, तर नुकताच बसवलेला मुंढा पुन्हा ताणला जाईल. त्यामुळे बेत बदलते. खांदे उघडेच ठेवून गळा आणि मुंढे खांद्याच्या २ सेंटीमीटर अलीकडेपर्यंत शिवीन, सुलटे करीन, मग लोकरीचे खांदे यंत्रावर आणि अस्तराचे हाताने जोडीन. अंडरस्टिचही त्यामुळे खांद्याच्या अधिक जवळ नेता येईल. मागे ओढायचे काही उरत नसल्याने चेन पाठीच्या मध्यावर असण्याची सक्ती राहत नाही, आणि डाव्या कुशीत अदृश्य चेन लावण्याचा जुना बेत मी पुन्हा विचारात घेतला आहे. तसे केल्यास डावा मुंढा काखेत उघडा राहील, त्यामुळे चेनचे वरचे टोक तेथे कसे बंद करायचे, याचा नमुना आधी करून पाहावा लागेल. त्यासाठी लोकरीचे दोन तुकडे वाफवून ठेवले आहेत.