आधी डिस्क मोजा, मग पॅड घ्या

पुढच्या चाकातून किर्र आवाज यायला लागला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: "पॅड बदलू, डिस्कला लेथ मारू." पैसे जातात आणि कित्येकदा महिना-दोन महिन्यांत ब्रेक दाबल्यावर पॅडल पुन्हा थरथरतं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात, आणि लेथवर तिचा पृष्ठभाग खरवडून सपाट करतात. पण तिची जाडी किती उरली आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं. खालचं सगळं पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम असलेल्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि अधूनमधून घाट उतरणाऱ्या गाडीसाठी आहे.

बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. ती कडेला किंवा मधल्या उंच भागावर असते आणि गंजाखाली लपली असेल तर वायर ब्रशने घासून काढावी लागते. व्हेंटिलेटेड (मध्ये हवेसाठी फटी असलेल्या) डिस्कमध्ये नवी जाडी आणि ही मर्यादा यांत साधारण २ मिमीचा फरक असतो, म्हणजे झिजायला मिळतात फक्त तेवढेच. मोजताना व्हर्नियर (जाडी मोजायचं सरकतं माप) सरळ कडेवर लावला की माप फसवं येतं, कारण पॅड जिथवर पोचत नाही तिथे न झिजलेली उंच कड राहते. त्यावर सोपा उपाय आहे. सारखी दोन नाणी घ्या, दोन्हींची मिळून जाडी मोजून ठेवा. मग कडेच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून त्यांवर व्हर्नियर लावा आणि नाण्यांची जाडी वजा करा. गोल फिरत सहा-आठ ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा.

आता हिशेब. समजा नवी डिस्क २० मिमीची, मर्यादा १८ आणि तुमचं माप १८.६ आलं. लेथवर दोन्ही बाजूंनी ०.२ मिमी काढले की उरले १८.२. नवे पॅड पूर्ण झिजेपर्यंत ही डिस्क मर्यादेखाली जाणार हे उघड आहे. पातळ डिस्क लवकर तापते, तडे जाऊ शकतात. शिवाय पॅडही झिजलेले असतील तर कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीचा, पॅड ढकलणारा पिस्टन गरजेपेक्षा जास्त बाहेर येतो. अशा वेळी लेथची मजुरी वाचवा आणि नव्या डिस्क घ्या, त्याही डाव्या-उजव्या जोडीनेच. माप १९.५ आलं, खोल चरे नाहीत, थरथर नाही, तर डिस्कला हात लावू नका, फक्त पॅड बदला. भोकं पाडलेल्या किंवा खाचा असलेल्या डिस्क रोजच्या गाडीला नकोत. पॅड लवकर खातात, आवाज वाढतो, भोकांपाशी तडे जातात आणि साध्या गाडीचं थांबण्याचं अंतर काही कमी होत नाही.

पॅडचं मटेरियल ३ मिमीवर आलं की बदलायचे. यात मागची लोखंडी पट्टी धरायची नाही. निवड करताना रस्ता बघा. शहरातल्या सिग्नल-ट्रॅफिकसाठी ऑरगॅनिक पॅड चांगले: थंड असतानाही नीट पकडतात, आवाज कमी, डिस्कला सौम्य. पण आंबोली किंवा कशेडी घाटात भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली की ते लवकर फेड होतात, म्हणजे पॅडल घट्ट राहतं आणि गाडी मात्र थांबत नाही. सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) पॅड उष्णता जास्त सोसतात. त्याची किंमत म्हणजे जास्त काळी धूळ, थोडा आवाज आणि डिस्कची जास्त झीज. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ असतात, पण महाग. आमचं मत स्पष्ट आहे: महिन्यातून एक-दोनदा घाट असेल तर कंपनीच्या मूळ दर्जाचे पॅड घ्या आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. रोजचाच घाट असेल तर सेमी-मेटॅलिक. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, ब्रेम्बो अशा नावांचा माल अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या.

बऱ्याच पॅडच्या पाठीवर किंवा कडेला शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं कमी तापमानातली पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला एफएफ पुरतं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं (उदा. एफई) असेल तर तो पॅड गरम झाल्यावर पकड सोडतो. घाटासाठी तो घेऊ नका.

जुने पॅड फेकण्याआधी नीट पाहा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. एकच पॅड तिरका झिजला असेल तर बहुधा एक पिन अडकली आहे. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हे फार होतं. पिन स्वच्छ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, स्वस्त मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

थरथरीचं मूळ बऱ्याचदा हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागावर असतं. नवी डिस्क गंजलेल्या हबवर बसवली की गंजाच्या खपल्यांमुळे ती किंचित तिरकी फिरते. डायल गेज (बारीक हेलकावा मोजणारं काट्याचं माप) लावला तर ०.०५ मिमीच्या आसपास हेलकावा चालतो, ०.१ च्या पुढे चालत नाही. तिरक्या डिस्कची एकच जागा प्रत्येक फेरीला पॅडला घासत राहते आणि काही हजार किलोमीटरनंतर डिस्क कुठे जाड, कुठे पातळ होते. हा फरक ०.०२ मिमीइतका बारीक असला तरी पायाला जाणवतो, व्हर्नियरवर मात्र दिसत नाही. "डिस्क वाकली" म्हणतात ती बहुधा ही. म्हणून हब चकचकीत होईपर्यंत घासा, नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा आणि नट आडवे-तिडवे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा. एअर गनने एका बाजूने आवळलेल्या नटांनी चांगली डिस्कही तिरकी बसते.

पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं, ते आधी थोडं काढून घ्या. सांडलं तर रंग उडतो. ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर याच वेळी बदला. ते हवेतलं पाणी ओढतं: डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनांक ताज्या स्थितीत किमान २३० अंश असतो, पाणी शिरलं की १५५ पर्यंत उतरू शकतो.

गाडी हलवण्याआधी पॅडल घट्ट होईपर्यंत पाच-सात वेळा दाबा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय फळीला टेकेल. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवा. शेवटी ब्रेक न वापरता पाच-सहा किलोमीटर फिरवून थंड करा. गरम पॅड डिस्कवर दाबून सिग्नलला उभं राहिलात तर त्याच जागी मटेरियलचा डाग बसतो आणि थरथर तिथूनच सुरू होते.