आईवरून

माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, माहेर बोरी. तालुका खंडाळा, जिल्हा सातारा. आमच्या भागात बोरी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी बोरीच्या आणि सुखेडच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्या देतात. हा बोरीचा बार. हलग्या वाजतात, पोलीस बंदोबस्ताला असतात, बघ्यांची जत्रा भरते. गोष्ट अशी सांगतात की एका पाटलाच्या दोन बायका होत्या, एक बोरीत आणि एक सुखेडात. ओढ्यावर दोघींची जुंपली आणि त्यातच दोघी गेल्या. तेव्हापासून बार सुरू झाला.

अशा गावची लेक असल्यावर तोंड कसं असणार? लहानपणी मे महिन्यात लोणंदला यष्टीतून उतरून आम्ही आजीच्या घरी पोचायचो, तर ती अंगणातूनच ओरडायची, "आली का माजी सटवी! किती वाळलीस गं, मुडदा बशिवला त्या तुज्या चिंचवडचा!" आणि मला पोटाशी धरायची. तिच्या लुगड्याला चुलीचा वास यायचा. मी वाळले याचं तिला खरंच वाईट वाटलेलं असायचं आणि ते सांगायला तिच्याकडे दुसरे शब्द नव्हते. निदान त्याहून चांगले नव्हते.

दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. कोंबडी ओसरीवर चढली की "पटकी आली तुला". स्टोव्ह पेटेना की "जळ्ळं मेलं लक्षान". म्हशीला टवळी, मामाला भाड्या, पावसाला मुडदा. पटकी म्हणजे कॉलरा हे मला कितीतरी उशिरा कळलं. आजीची दोन भावंडं एका आठवड्यात पटकीनं गेली होती. आमच्या जुन्या बायकांच्या शिव्या बहुतेक अशाच असायच्या. पटकी, मरी, मुडदा, वाटोळं, तोंडात माती. जे त्यांनी घरात घडलेलं पाहिलं होतं, ज्याची त्यांना भीती होती, तेच तोंडात. कोंबडीला हाणता हाणता ती भीती थोडी बोथट होत असेल, असं मला आता वाटतं.

थेट आईचं नाव घेऊन दिलेली शिवी मात्र आजीच्या घरात मी तिच्या तोंडून ऐकली नाही. ती मी आमच्या घरात ऐकली.

मी नऊ वर्षांची असेन. चिंचवडला दोन खोल्या होत्या. वडील कंपनीत, शिफ्ट ड्युटी. आजी आठ दिवस राहायला म्हणून आली होती, येताना कांद्याची पिशवी आणि ज्वारी घेऊन. संध्याकाळी वडिलांना सेकंड शिफ्टला निघायचं होतं आणि सायकलची किल्ली सापडत नव्हती. बस, एवढंच कारण. ते आईवर ओरडले आणि ओरडता ओरडता ती शिवी दिली. "तुझ्या आईला" आणि पुढचं सगळं, शेवटपर्यंत.

आजी दोन हात अंतरावर बसली होती. फळीखाली भिंतीला टेकून, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. ती खडे वेचत होती. तिचा हात थांबला. चिमटीत एक खडा होता, काळा, मोहरीएवढा. तो तिने टाकला नाही, की ठेवला नाही. नुसता धरून बसली. मी तिच्याकडे बघत होते. बोरीची बाई ती, ओढ्याच्या काठावर उभं राहून अख्ख्या सुखेडला गप्प करायची म्हणून मामा सांगायचा. तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. मग तो खडा तिने डाव्या तळहातावरच्या बाकीच्या खड्यांत ठेवला आणि पुन्हा वेचायला लागली.

किल्ली खुंटीवरच्या पँटच्या खिशात निघाली. वडील निघताना दारात थांबले आणि अगदी अदबीने म्हणाले, "मामी, येतो मी. काही लागलं तर सांगा हिला." त्यांना कळलंच नव्हतं. आपण आत्ता कुणाबद्दल काय बोललो हे त्यांच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. त्यांच्या मनात ते फक्त बायकोवर चिडले होते. सासूबाईंना ते पुरेपूर मान देत होते.

रात्री अंथरुणात मी आजीच्या बाजूला होते. तिला वाटलं मी झोपले. आईला म्हणाली, "तुला म्हनला का मला म्हनला, ह्येच कळंना गं बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने ती गेली. नंतर आमच्याकडे आली की दिवसा यायची, दिवसाच जायची. मुक्कामाला ती आमच्या घरी परत कधी राहिली नाही. गावाकडे मात्र आम्ही गेलो की तशीच अंगणातून ओरडायची.

आईच्या तोंडून मी आजवर एकही शिवी ऐकलेली नाही. मेल्यासुद्धा नाही.

आता माझी लेक चौदा वर्षांची आहे, नववीत. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी मी पोळ्या करत होते आणि ती बाहेर सोफ्यावर मोबाइलवर गेम खेळत होती, कानात हेडफोन. हेडफोन असले की आपण किती मोठ्याने बोलतो ते कळत नाही. हरली असावी. तिने ती शिवी दिली. हिंदीतली, आईवरची, सगळीकडे चालते ती. रागानेही नव्हे, "अरे यार" म्हणावं इतक्या सहज. तव्यावरची पोळी माझ्या डोळ्यांसमोर करपली आणि मला ती उलटता आली नाही.

मी बाहेर गेले, हेडफोन काढायला लावला आणि विचारलं, काय म्हणालीस?

ती घाबरली, पण नमली नाही. "अगं आई, मी तुला म्हटलं का? त्या गेममधल्या मुलाला म्हटलं. सगळे म्हणतात."

"ती शिवी आईवरची आहे. म्हणजे कुणाची आई असते ती?"

"असं कुणी धरत नाही गं त्यात. आणि तू? तू दिवसभर आयला म्हणतेस. आयला म्हणजे काय?"

मला उत्तर देता आलं नाही. आत जाऊन गॅस बंद केला.

आयला म्हणजे आईला. क्रियापद गिळलेलं वाक्य. त्याच्या आईला यातलं सुरुवातीचं झिजून च्यायला उरलं. मायला तेच. मी हे शब्द ऑफिसात प्रिंटर अडकला की वापरते, भाव ऐकून वापरते, अचानक पाऊस आला, कुणाला मुलगा झाला, कुणाची बदली झाली, सगळ्याला आयला. आनंदालासुद्धा. त्या वाक्याचं शेपूट तोडलं की ते घरात चालतं आणि पूर्ण म्हटलं की चालत नाही, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय. पण लेकीने विचारल्यावर मला ते शेपूट ऐकू यायला लागलं, आणि त्याबरोबर सुपातल्या तांदळाचा आवाज.

हे काही आजकालचं नाही. कोकणात, ठाण्याकडे गधेगाळ नावाचे दगड सापडतात. शिलाहार राजांच्या काळातले पुष्कळ आहेत. राजाने जमीन दान दिली की असा दगड उभा करायचे. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये लेख आणि खाली कोरलेलं गाढव आणि बाई. जो हे दान मोडेल त्याच्या आईवर गाढव, असा त्याचा अर्थ. परळला सापडलेल्या 12व्या शतकातल्या लेखात तर "तेहाची माय" म्हणून ती शिवी मराठीत लिहून ठेवली आहे. दान मोडणारा पुरुष, त्याची ती आई कदाचित तेव्हा घरात तांदूळ निवडत असेल. तिला माहीतही नाही की गावाच्या वेशीवर दगडात तिचं काय केलंय.

2024च्या नोव्हेंबरात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. ती बातमी मी तेव्हा घरात जेवताना मोठ्याने वाचली होती. नवरा हसून म्हणाला, आपल्याकडे असा ठराव झाला तर माझा पगार नाशिक फाट्यावरच संपेल. मला हसू आलं नाही. मला त्या गावाचं फार बरं वाटलं. दंड किती जणांनी भरला यापेक्षा, भरल्या सभेत कुणीतरी उभं राहून हे बोललं आणि बाकीच्यांनी हात वर केले, हे मला मोठं वाटतं. आमच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी एकानेही हात वर केला नव्हता. मीही नाही.

त्या रविवारी दुपारी मी लेकीला सुपाची गोष्ट सांगितली. किल्ली, खडा, "मामी, येतो मी", सगळं. पणजीला तिने पाहिलेलं नाही. तिने एकच विचारलं, "मग आजोबांना कुणी सांगितलंच नाही?" नाही सांगितलं. ते गेले तरी त्यांना माहीत नव्हतं.

तिला मी शिव्या देऊ नकोस असं म्हटलेलं नाही. राग येतो, तो तोंडावाटे जाऊ दे. फक्त ज्याच्यावर आलाय त्याच्यावर जाऊ दे, त्याच्या घरातल्या बाईवर नको. तिला मी आजीचा साठा देऊन टाकला. मुडदा बशिवला तिला भयंकर आवडलंय, गेममधल्या मुलांना ती तेच ऐकवते. सगळा साठा मात्र मी दिला नाही. आजी रांडंच्या म्हणायची. रांड म्हणजे विधवा, आणि आजी स्वतः विधवा होती. तो शब्द माझ्यापाशीच थांबला. सटवी द्यावा का यावर मी दोन दिवस विचार केला आणि दिला, कारण पाचवीला येऊन बाळाचं नशीब लिहिणाऱ्या सटवाईचं नाव आहे त्यात. टवळी नाही दिला. नवऱ्याने कमी केलंय, सोडलेलं नाही. माझा आयला अजून येतो. आला की लेक नुसती माझ्याकडे बघते.

यंदाच्या श्रावणात आम्ही तिघी बोरीला गेलो. आई, मी, लेक. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, तरी ओढ्यापर्यंत चालत आली. हलग्यांच्या आवाजात समोरच्या काठावरचं काही नीट ऐकू येत नव्हतं, हात तेवढे दिसत होते, बांगड्यांचे, वर गेलेले. लेक मोबाइलवर शूटिंग करत होती. मी आईकडे पाहिलं. तिने पदर कमरेला खोचला होता. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला होता आणि ती काहीतरी म्हणत होती. एकदाच नव्हे, बराच वेळ, सलग, समोरच्या काठाकडे तोंड करून.

परत येताना लेकीने विचारलं, "आजी, तू काय म्हणत होतीस गं?"

"काही नाही," आई म्हणाली. "चल बाई लवकर, गाडी चुकेल."