उजनीच्या बोटीसाठी नवे मॅनिफोल्ड: काय घ्यायचं ते ठरलं

बोटीच्या इंजिनाचे दोन्ही एल्बो अखेर सुटले. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा, भोवती पाणी फिरणारा भाग; एल्बो म्हणजे त्याच्यावर बसणारा वाकडा तुकडा, ज्यातून धूर आणि पाणी पुढं बाहेर जातं. बोल्ट गंजून इतके धरले होते की तापव, तेल मार, परत तापव असं करत एकेक काढावा लागला. आतलं दृश्य बघून जुनेच वापरायचा विषय संपला. जॉइंटच्या तोंडावर गंजाच्या खपल्या, आणि डावीकडे पाण्याची वाट व धुराची वाट यांच्यामधली भिंत पार झिजलेली. ही भिंत फुटली की पाणी थेट सिलिंडरमध्ये. पाणी काही दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन मर्क्रूझर ५.७ लिटर, जीएमचं व्ही-८, १९९०च्या दशकातलं. कूलिंग बाहेरच्या पाण्यावर. बोट आजवर मुंबईकडं खाऱ्या पाण्यात फिरली, आणि तिथं बिडाचे मॅनिफोल्ड साधारण पाच-सात वर्षंच टिकतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या फौंड्रीवाल्याला जुना पीस दाखवला. "नमुना ठेवून जावा मालक, ओतून देतो," म्हणाला. सोलापुरात कॅमशाफ्ट ओततात, त्यामुळं मोह होतोच. पण इथं आत धुराची पोकळी आणि तिच्याभोवती पाण्याची. ओतताना कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, जरा सरकला की एका बाजूची भिंत पातळ होते, आणि बाहेरून काही कळत नाही. शिवाय दोन नगांसाठी पॅटर्न आणि कोअर बॉक्स हे साचे कोण बनवणार? हे त्यालाही पटलं. जीपचा मॅनिफोल्ड बसवायचा सल्लाही मिळाला. बंद कप्प्यात पेट्रोलची वाफ आणि शेजारी पाण्याचं जॅकेट नसलेलं लालभडक लोखंड, म्हणजे चितेची तयारी.

खरा प्रश्न वेट जॉइंट की ड्राय जॉइंट हा होता. आमच्या इंजिनवर जुना वेट जॉइंट आहे: मॅनिफोल्ड आणि एल्बोच्या सांध्यात पाणी आणि धूर एकाच गॅस्केटमधून (सांधा गळू न देणारी चकती) शेजारी-शेजारी वर जातात, गॅस्केट गेलं की पाणी धुराच्या वाटेत. २००० नंतर आलेल्या ड्राय जॉइंटमध्ये या दोन वाटा लांब ठेवल्यात. डिझाइन सरस आहे, पण जुन्या एल्बोवर बसत नाही, सगळा संचच बदलावा लागतो आणि पैसे बरेच जास्त. समुद्रात जाणार असतो तर डोळे झाकून तोच घेतला असता. पण बोट आता उजनी धरणात चालणार, तिथलं पाणी गोडं, म्हणून वेट जॉइंटच, बिडाचा, मॅनिफोल्ड आणि एल्बो दोन्ही नवे. नव्या मॅनिफोल्डवर जुना एल्बो चढवणं मला पटत नाही.

उजनीचा त्रास वेगळा, गाळाचा. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेलं की काठाजवळ पंप चिखलच ओढतो आणि तो मॅनिफोल्डच्या तळाशी बसतो. म्हणून तळाचा ड्रेन प्लग सहज हाताला येईल असाच संच निवडला. तार घालून भोक मोकळं करता आलं पाहिजे.

गॅस्केट मागवताना एक बघा. मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या पाण्याऐवजी कूलंट फिरणाऱ्या क्लोज्ड कूलिंगच्या इंजिनाला पाण्याची भोकं बंद असलेलं गॅस्केट येतं. ते आपल्या इंजिनात बसलं तर एल्बोला पाणीच मिळणार नाही. बोल्ट यूएनसी, म्हणजे इंची मापाच्या आट्यांचे, मेट्रिक जबरदस्तीनं फिरवू नका.

आता उंचीचं काम राहिलंय. एल्बोचा माथा पाण्याच्या रेषेपासून किमान फूटभर वर हवा, तोही भरलेल्या बोटीत. टाकी फुल करून, मंडळी बसवून मोजतो. उंची कमी पडली तर मॅनिफोल्ड आणि एल्बोच्या मध्ये तीन इंची स्पेसर टाकायचा, तो त्याच ऑर्डरमध्ये मागवतो.